प्रादेशिक मानवी हक्क न्यायालयांचे निवाडे देशांच्या कायद्यांत कसे उतरतात, आणि भारतातील वकिलाने ते का वाचावेत?

खंडपीठ_नागपूर

फौजदारी वकिली करताना एक प्रश्न वारंवार समोर येतो. येथील जाणकारांशी तो सविस्तर बोलावा म्हणून हा धागा काढत आहे. एखाद्या खंडातील देशांनी मिळून स्थापन केलेल्या मानवी हक्क न्यायालयाने निवाडा दिला, तर तो त्या देशांच्या कायद्यात नेमका कसा उतरतो? आणि आशियात असे एकही न्यायालय नसताना नागपूर खंडपीठापुढे किंवा येथील जिल्हा न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाने त्या निवाड्यांसाठी वेळ का द्यावा?

आधी थोडी पार्श्वभूमी. युरोपीय मानवी हक्क करारावर १९५० साली रोम येथे सह्या झाल्या, १९५३ मध्ये तो अंमलात आला आणि १९५९ मध्ये स्ट्रासबर्गचे न्यायालय उभे राहिले. आज ४६ देश त्याच्या कक्षेत आहेत. अमेरिका खंडासाठी कोस्टा रिकातील सान होसे येथे १९७९ पासून आंतर-अमेरिकी न्यायालय आहे. आफ्रिकेचे न्यायालय टांझानियातील अरुशा येथे असून दाव्याच्या गुणदोषांवरचा आपला पहिला निवाडा त्याने २०१३ मध्ये दिला. आधी स्वतःच्या देशातील सर्व न्यायालयीन मार्ग संपवायचे आणि मगच तेथे दाद मागायची, हा नियम तिन्ही ठिकाणी आहे. या न्यायालयांच्या हाताशी पोलीस नाहीत, बेलीफ नाहीत, जप्तीचे वॉरंटही नाही. तरीही त्यांच्या निवाड्यांमुळे कायदे बदलले आहेत, आणि ते कसे बदलले हे तपशिलात पाहिल्याशिवाय या विषयावर मत बनवू नये, असे मला वाटते.

साल्दुझ विरुद्ध तुर्कस्तान हा २००८ चा निवाडा घ्या. इझमीर येथे एका बेकायदा ठरवलेल्या निदर्शनात भाग घेतल्याच्या आरोपावरून २००१ मध्ये सतरा वर्षांच्या एका मुलाला अटक झाली. पोलिसांनी वकिलाविना त्याचा जबाब घेतला, त्याने तो नंतर नाकारला, तरीही दोषसिद्धीत त्याच जबाबाचा आधार घेतला गेला. पोलिसांच्या पहिल्या चौकशीपासूनच संशयिताला वकील मिळाला पाहिजे, काही सबळ कारण असल्याखेरीज हा हक्क रोखता येणार नाही, आणि वकिलाविना मिळवलेली कबुली शिक्षेसाठी वापरली तर बचावाच्या हक्काला भरून न निघणारी हानी पोहोचते, असे स्ट्रासबर्गने ठरवले.

या खटल्यात पक्षकार तुर्कस्तान होता. धक्का मात्र स्कॉटलंडला बसला. तेथे संशयिताला वकिलाविना सहा तास ताब्यात ठेवून प्रश्न विचारण्याची मुभा पोलिसांना होती. आमच्या पद्धतीत इतर पुरेशी संरक्षणे आहेत, त्यामुळे साल्दुझचा निवाडा आम्हाला लागू करण्याचे कारण नाही, असे स्कॉटलंडच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २००९ मध्ये सांगितले. पुढच्याच वर्षी, २६ ऑक्टोबर २०१० रोजी, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅडर खटल्यात ते मत एकमताने फिरवले आणि दुसऱ्या दिवशी स्कॉटलंडच्या संसदेने तातडीचे विधेयक मंजूर केले. येथे एक गोष्ट नजरेआड करू नये. त्याच कायद्याने वकिलाचा हक्क दिला आणि ताब्यात ठेवण्याची मुदत सहा तासांवरून बारा तासांवर, विशेष प्रसंगी चोवीस तासांवर नेली. हक्क वरून आला, तरी त्याची किंमत स्थानिक संसदेने आपल्या हिशेबाने वसूल करून घेतली.

फ्रान्सचा प्रसंग मला याहून महत्त्वाचा वाटतो. तेथील पोलीस कोठडीच्या पद्धतीवर २०१० मध्ये आधी देशाच्या घटना परिषदेने आणि नंतर स्ट्रासबर्गने ठपका ठेवला. संसदेने १४ एप्रिल २०११ रोजी नवा कायदा केला, परंतु तो १ जूनपासून लागू होणार होता. दुसऱ्याच दिवशी फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने असे ठरवले की, करारातील देशांनी स्ट्रासबर्गचे निवाडे पाळायला हवेत, आणि त्यासाठी आपल्यावर खटला होण्याची किंवा आपला कायदा बदलण्याची वाट पाहता कामा नये. परिणामी दीड महिन्याची सवलत त्याच क्षणी संपली आणि पोलीस ठाण्यांना त्या दिवसापासून वकिलाला आत घ्यावे लागले.

माझे म्हणणे यावरून स्पष्ट व्हावे. प्रादेशिक न्यायालयाचा निवाडा जिवंत होतो तो देशातील न्यायाधीश त्याला आपला मानतो त्या दिवशी. जेथे असा न्यायाधीश भेटत नाही, तेथे तो छापील कागद राहतो.

आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेत २०१० च्या नोव्हेंबरपासून ४१-ड हे कलम लागू झाले, आणि आता तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३८ व्या कलमात आहे: अटक झालेल्या व्यक्तीला चौकशीच्या दरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येईल, मात्र चौकशीचा सर्व वेळ नाही. वस्तुतः नंदिनी सत्पथी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच, म्हणजे साल्दुझच्या तीस वर्षे आधी, चौकशीच्या वेळी वकिलाच्या उपस्थितीचा पुरस्कार केला होता. त्यामुळे या विषयात आपण केवळ घेणारे आहोत असे कोणी समजू नये. प्रश्न आहे तो चौकशीच्या खोलीत प्रत्यक्ष काय घडते याचा, आणि तेथे या परदेशी निवाड्यांतील बारीक विवेचन कामी येते.

धरमपेठकर

वकीलसाहेब, मांडणी आवडली. तरीही मूळ मुद्द्यावर माझा आक्षेप आहे आणि तो स्पष्टपणे नोंदवतो. ज्या न्यायाधीशांना त्या देशातील मतदाराने, संसदेने किंवा राष्ट्रपतीने एकट्याने नेमलेले नाही, ज्यांना त्या देशाची गुन्हेगारी, तेथील पोलिसांवरचा ताण, तेथील समाज जवळून माहीत नाही, त्यांनी तेथील कायदा चूक की बरोबर हे का ठरवावे? आपल्या संविधानाने संसदेला आणि सर्वोच्च न्यायालयाला जे स्थान दिले आहे, त्याच्या वर आणखी एक मजला चढवण्याची कल्पना मला पटत नाही.

ब्रिटनचेच उदाहरण पाहा. कैद्यांना सरसकट मतदानबंदी करणारा कायदा कराराशी विसंगत आहे, असा निवाडा स्ट्रासबर्गने हर्स्ट खटल्यात २००५ मध्ये दिला. मूळ अर्जदार मनुष्यवधासाठी शिक्षा भोगत होता. ब्रिटिश संसदेने फेब्रुवारी २०११ मध्ये २३४ विरुद्ध २२ मतांनी बंदी कायम ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. लोकनियुक्त सभागृहाचे इतके स्पष्ट मत असताना परक्या न्यायपीठाचा आग्रह कशासाठी? आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६२(५) हीच बंदी घालते आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अनुकूलचंद्र प्रधान खटल्यात ते वैध ठरवले आहे. आपला प्रश्न आपण आपल्या घरात सोडवला, तो योग्य की अयोग्य हेही आपणच ठरवू.

खंडपीठ_नागपूर

धरमपेठकर साहेब, आक्षेप रास्त आहे, पण हर्स्टची गोष्ट आपण मध्यावर सोडली. स्ट्रासबर्गने सर्व कैद्यांना मत द्या असे म्हटले नव्हते. गुन्हा कोणता, शिक्षा किती, याचा कोणताही विचार न करता सगळ्यांना एका फटक्यात वगळणे त्याने चूक ठरवले, आणि कोणाला वगळायचे हे ठरवण्याची बरीच मोकळीक देशाकडेच ठेवली. २०१२ मध्ये इटलीविरुद्धच्या स्कोपोला खटल्यात तर शिक्षेच्या कालावधीनुसार बंदी घालणारी इटलीची पद्धत त्याने मान्यही केली. ब्रिटनने कायदा बदलला नाही. काही काळासाठी परवान्यावर बाहेर आलेल्या कैद्यांना मतदान करता यावे यासाठी केवळ प्रशासकीय सूचना बदलल्या, आणि तेवढ्यावर डिसेंबर २०१८ मध्ये निवाड्यांच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या युरोप परिषदेच्या मंत्री समितीने प्रकरण बंद केले. पुढे २०२० मध्ये स्कॉटलंडने आपल्या निवडणुकांपुरता बारा महिन्यांपर्यंत शिक्षा झालेल्या कैद्यांना मताधिकार दिला. म्हणजे पंधरा वर्षांच्या रस्सीखेचीनंतर निघालेला तोडगा शेवटी ब्रिटनच्या सरकारने आणि स्कॉटलंडच्या संसदेने आपापल्या पद्धतीने ठरवला. यात वरचा मजला कोठे चढला?

आणखी एक गोष्ट. प्रादेशिक न्यायालयाच्या निवाड्याचे देशातील स्थान काय, हे प्रत्येक देश आपल्या घटनेप्रमाणे ठरवतो. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००४ च्या गॉर्गुल्यू प्रकरणात सांगितले की, जर्मन न्यायालयांनी स्ट्रासबर्गच्या निवाड्याची गांभीर्याने दखल घेतलीच पाहिजे, तो डावलायचा असेल तर कारण द्यायला हवे. मात्र अखेरचा शब्द जर्मन मूलभूत कायद्याचा, म्हणजे घटनेचा, राहील. ब्रिटनच्या १९९८ च्या मानवी हक्क कायद्यानेही न्यायाधीशांवर दखल घेण्याचेच बंधन घातले, आणि संसदेचा कायदा रद्द करण्याचा अधिकार दिला नाही; कायदा कराराशी विसंगत आहे एवढे जाहीर करता येते आणि पुढचे संसदेवर सोपवले जाते. मी याकडे दोन न्यायसंस्थांमधला दीर्घ संवाद म्हणून पाहतो.

वारंगा_विधी

सर, मी विधी शाखेची विद्यार्थिनी आहे. आपल्या चर्चेत युरोपच अधिक आला म्हणून लॅटिन अमेरिकेविषयी लिहिते, कारण एका देशाविरुद्धचा निवाडा दुसऱ्या देशाने किती मनापासून उचलला याचे सर्वांत ठळक उदाहरण मला तेथे सापडले.

पेरूची राजधानी लिमा येथे बारिओस आल्तोस नावाची जुनी वस्ती आहे. ३ नोव्हेंबर १९९१ च्या रात्री तेथे एका घरी मेजवानी चालू असताना लष्कराशी संबंधित मारेकरी पथक घुसले आणि त्याने पंधरा माणसांना गोळ्या घातल्या. मृतांमध्ये एक आठ वर्षांचा मुलगाही होता. चौकशी पुढे सरकू लागली तेव्हा राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांच्या सरकारच्या काळातील संसदेने १९९५ मध्ये अभयदानाचे दोन कायदे करून सर्व आरोपींना मोकळे केले. सान होसेच्या न्यायालयाने मार्च २००१ मध्ये ठरवले की, छळ, बेकायदा हत्या आणि माणसे बेपत्ता करणे अशा गुन्ह्यांना अभय देणारे कायदे अमेरिका खंडाच्या मानवी हक्क करारानुसार निष्प्रभ आहेत. त्यांचा आधार घेऊन तपास थांबवता येणार नाही. तोवर फुजिमोरी देश सोडून गेले होते. पुढे चिलीने २००७ मध्ये त्यांचे प्रत्यार्पण केले आणि एप्रिल २००९ मध्ये पेरूच्याच न्यायालयाने त्यांना पंचवीस वर्षांची शिक्षा दिली.

मला मात्र अर्जेंटिना अधिक बोलका वाटतो. १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीतील अत्याचारांवर पांघरूण घालणारे दोन कायदे तेथे १९८६ आणि १९८७ मध्ये झाले होते. १९९४ च्या घटनादुरुस्तीने मानवी हक्क करारांना घटनेच्या बरोबरीचे स्थान मिळाले, आणि २००५ मध्ये सिमोन खटल्यात अर्जेंटिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने बारिओस आल्तोसचा आधार घेऊन ते दोन्ही कायदे घटनाबाह्य ठरवले. अर्जेंटिना त्या खटल्यात पक्षकार नव्हता, त्याच्यावर कोणाची सक्ती नव्हती. त्या निकालानंतर तेथे लष्करी अधिकाऱ्यांविरुद्धचे खटले पुन्हा उभे राहिले आणि ते अनेक वर्षे चालले. वीस-पंचवीस वर्षे आपल्या मुलांचे फोटो छातीशी धरून चौकात फेऱ्या घालणाऱ्या आयांना न्यायालयाचे दार उघडे झाले, ही गोष्ट वाचताना मला फार भरून आले होते आणि आजही येते.

सान होसेने २००६ मध्ये चिलीविरुद्धच्या आल्मोनासिद खटल्यात आणखी पुढचे पाऊल टाकले. देशातील प्रत्येक न्यायाधीशाने, मग तो कनिष्ठ न्यायालयातला का असेना, आपल्यापुढचा कायदा कराराशी जुळतो की नाही हे स्वतः तपासावे, असे त्याने सांगितले. मेक्सिकोत १९७४ मध्ये लष्करी नाक्यावरून नेलेल्या आणि पुन्हा कधीच न दिसलेल्या रादिया यांच्या प्रकरणात २००९ मध्ये निवाडा झाला, जून २०११ मध्ये मेक्सिकोने मानवी हक्कांविषयीची घटनादुरुस्ती केली आणि त्याच जुलैत तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी देशातील सर्व न्यायाधीशांचे कर्तव्य म्हणून स्वीकारली.

उलट उदाहरणेही आहेत. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१० मध्ये आपला अभयदान कायदा वैध ठरवला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सान होसेने तो करारविरोधी ठरवूनही तेथे खटल्यांची वाट अडलेलीच राहिली. अर्जेंटिनाच्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, आमचा अंतिम निकाल रद्द करण्याचा आदेश सान होसे देऊ शकत नाही, अशी भूमिका घेतली. म्हणून आपल्या मूळ विधानाला मी एक पुरवणी जोडते: न्यायाधीशाची तयारी लागते हे खरे, पण करारांना घटनेत स्थान देणारी अर्जेंटिनासारखी तरतूद असली की त्या न्यायाधीशाचे काम कितीतरी सोपे होते.

निवृत्त_तुरुंगाधिकारी

मी कायद्याचा पदवीधर नाही. कारागृह विभागात नोकरी केली आणि आता नागपुरात स्थायिक आहे. धरमपेठकर यांच्या म्हणण्यावर मला एवढेच सांगायचे आहे की, भारत या न्यायालयांच्या कक्षेबाहेर आहे हे कागदावर ठीक असले, तरी त्यांचे मोजमाप आपल्या तुरुंगाच्या भिंतीपर्यंत येऊन पोहोचले आहे.

युरोपीय कराराचे तिसरे कलम छळ आणि अमानुष वागणुकीला मनाई करते. ज्या देशात अशी वागणूक मिळण्याची खरी भीती आहे तेथे माणसाला पाठवणे हाही कलमाचा भंग ठरतो, असे स्ट्रासबर्गने १९८९ पासून मानले आहे. विजय मल्ल्या यांच्या प्रत्यार्पणाच्या वेळी २०१८ मध्ये लंडनच्या न्यायाधीशांनी मुंबईच्या आर्थर रोड कारागृहातील १२ क्रमांकाच्या बराकीचे चित्रीकरण मागवले. खिडकीतून नैसर्गिक उजेड किती येतो, स्वच्छतागृह कसे आहे, फिरायला जागा किती, हे त्यांना पाहायचे होते. भारत सरकारने ते पुरवले, लेखी हमी दिली आणि डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी प्रत्यार्पणाच्या बाजूने निर्णय दिला. त्याआधी २००० सालच्या क्रिकेट सामनानिश्चिती प्रकरणातील एका आरोपीचे प्रत्यार्पण २०१७ मध्ये दिल्लीच्या तिहारमधील अवस्थेमुळे नाकारले गेले होते. आपण नेमक्या हमी दिल्यावर २०१८ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तो माणूस भारतात आणला गेला. पुरुलियात १९९५ मध्ये विमानातून शस्त्रे टाकल्याच्या प्रकरणातील डेन्मार्कचा नागरिक मात्र आपल्याला मिळालाच नाही. तेथील न्यायालयांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये याच भीतीपोटी त्याला सोपवायला नकार दिला.

सामूहिक कोठडीत माणशी तीन चौरस मीटरपेक्षा कमी जागा असेल तर कराराचा भंग झाला असे सकृद्दर्शनी मानायचे, असे स्ट्रासबर्गचे माप आहे. २०१३ मध्ये तोरेजानी खटल्यात इटलीला त्याने सांगितले की ही एका कैद्याची तक्रार नसून व्यवस्थेचा रोग आहे, आणि एक वर्षात उपाय करा. इटलीने शिक्षेचे पर्यायी प्रकार वाढवले, कच्च्या कैद्यांची संख्या कमी केली आणि दाटीत काढलेल्या दिवसांबद्दल शिक्षेत सूट देण्याची तरतूद केली.

तीन चौरस मीटर म्हणजे किती हे ज्याने संध्याकाळची गिनती घेतली आहे त्याला विचारावे. राज्यातील एका मध्यवर्ती कारागृहात मी असताना संध्याकाळी कुलपे लागल्यावर बराकीत झोपण्याच्या पट्ट्या लागत, त्या एकमेकींना चिकटून. रात्री एकाने कूस बदलली की शेजारच्या दोघांना बदलावी लागे, आणि शौचालयाच्या दाराशी ज्याचा नंबर लागे तो रात्रभर बसून काढी. त्यातले बहुतेक जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. आम्ही कर्मचारीही त्याच हवेत काम करत होतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १३८२ कारागृहांतील अमानुष परिस्थितीविषयी २०१६ मध्ये सविस्तर निर्देश दिले, ते मी वाचले आहेत. परंतु उद्योगपतीसाठी १२ नंबरची बराक रंगवता येते आणि लंडनला हमी देता येते, तर तेच माप नागपूरच्या जामीनदार न मिळालेल्या मजुरालाही लागू का होऊ नये, हे मला कोणी समजावून सांगावे.

धरमपेठकर

साहेब, आपल्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि त्याविषयी मला वादही घालायचा नाही. तरीही अंमलबजावणीचा प्रश्न उरतोच. रशियाने डिसेंबर २०१५ मध्ये कायदा करून स्ट्रासबर्गचे निवाडे अंमलात आणण्याजोगे नाहीत असे ठरवण्याचा अधिकार आपल्या घटना न्यायालयाला दिला, आणि त्या न्यायालयाने २०१६ मध्ये कैद्यांच्या मतदानाचा निवाडा, तर २०१७ मध्ये युकोस या तेल कंपनीच्या भरपाईचा निवाडा बाजूला सारला. २०२२ मध्ये रशिया युरोप परिषदेबाहेर गेला. तुर्कस्तानात तुरुंगात असलेले सामाजिक कार्यकर्ते उस्मान कवाला यांना ताबडतोब सोडा असे स्ट्रासबर्गने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितले, न सोडल्याबद्दल २०२२ मध्ये पुन्हा ठपका ठेवला, आणि तरीही ते तुरुंगातच राहिले. ज्या देशात या न्यायालयाची गरज सर्वाधिक, तेथेच ते सर्वांत दुबळे ठरते. मग उपयोग कोणाला? जे देश बहुधा स्वतःहूनही सुधारले असते त्यांनाच ना?

धानोरा_वाट

धरमपेठकर दादा, आपला हा प्रश्न मला आफ्रिकेच्या संदर्भात फार जवळचा आहे. माझे काम गडचिरोली जिल्ह्यात वनहक्काचे दावे तयार करण्यात ग्रामसभांना मदत करण्याचे आहे, घर नागपूरला आहे.

केनियाच्या माऊ जंगलात ओगिएक समाज पिढ्यानपिढ्या मध आणि शिकारीवर जगत आला आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये वनखात्याने त्यांना तीस दिवसांत जंगल सोडण्याची नोटीस दिली. अरुशाच्या न्यायालयाने मे २०१७ मध्ये असा निवाडा दिला की, ही त्यांची वडिलोपार्जित भूमी आहे, जंगलाच्या ऱ्हासाचा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही, आणि संवर्धनाच्या नावाखाली त्यांना हुसकावणे बेकायदा आहे. जून २०२२ मध्ये भरपाई आणि सामूहिक मालकीपत्राचा आदेशही झाला. तरीही २०२३ च्या अखेरीस तेथे पुन्हा घरे पाडली गेली. निकारागुआत आवास तिंग्नी या मायाग्ना वस्तीच्या बाजूने सान होसेने २००१ मध्ये निवाडा दिला, आणि प्रत्यक्ष मालकीपत्र हातात पडायला डिसेंबर २००८ उजाडले. सात वर्षे त्या लोकांनी निवाडा हातात धरून वाट पाहिली.

आपल्याकडे उलट क्रमाने घडले. कोणत्याही प्रादेशिक न्यायालयाविना २००६ चा वनहक्क कायदा संसदेने केला, आणि धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पण अधिकारपत्र मिळूनही बांबू विकण्यासाठीचा वाहतूक परवाना गावाच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडले. म्हणून मी असे म्हणेन की, निवाडा असो वा कायदा, त्याच्या मागे बसून पाठपुरावा करणारी ग्रामसभा नसेल तर दोन्ही सारखेच निर्बल. वकीलसाहेब न्यायाधीशाची तयारी म्हणतात, विद्यार्थिनी ताई घटनेतील तरतूद म्हणतात. ओगिएक लोकांकडे पाहता त्या दोहोंच्या आधी मी संघटित माणसे ठेवीन. आज केनियात ते जे काही टिकून आहेत ते चिकाटीने कज्जा चालवल्यामुळे, आणि तो निवाडा त्यांच्या हातात आहे म्हणून प्रत्येक नव्या नोटिशीला त्यांना शून्यापासून उत्तर द्यावे लागत नाही.

आफ्रिकेत आणखी एक अडचण आहे. व्यक्तीला किंवा संस्थेला थेट अरुशाला जायचे असेल तर त्यासाठी देशाने वेगळी संमती द्यावी लागते, आणि ती देणारे देश मुळात थोडे. त्यातूनही रवांडाने २०१६ मध्ये, खुद्द यजमान टांझानियाने २०१९ मध्ये, बेनिन आणि आयव्हरी कोस्ट यांनी २०२० मध्ये ती काढून घेतली.

खंडपीठ_नागपूर

ताई, आपली पुरवणी मान्य, आणि धानोऱ्याचे उदाहरण आल्याने चर्चा जमिनीवर आली याचे समाधान आहे. धरमपेठकर साहेबांच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. कवाला यांच्या बाबतीत न्यायालय हरले, हे मान्यच करायला हवे. परंतु निवाड्याचा उपयोग पक्षकार देशापुरता मोजला तर हिशेब अपुरा राहतो. बेलफास्टमधील एका जहाज कंपनीच्या कारकुनाच्या घरावर १९७६ मध्ये पोलिसांनी छापा घातला, त्याची खासगी पत्रे नेली आणि समलिंगी संबंधांवरून त्याची तासन्तास चौकशी केली. डजन विरुद्ध ब्रिटन या नावाने १९८१ मध्ये निवाडा झाला आणि पुढच्या वर्षी उत्तर आयर्लंडचा कायदा बदलला. त्या कायद्याचे मूळ १८६१ च्या ब्रिटिश कायद्यात होते आणि आपले पूर्वीचे कलम ३७७ हे १८६० च्या दंडसंहितेतले, म्हणजे एकाच काळाची आणि एकाच विचाराची ही दोन अपत्ये. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये नाझ फाउंडेशन खटल्यात आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवतेज जोहर खटल्यात डजनचे विवेचन विचारात घेतले. बेलफास्टच्या त्या कारकुनाने भारताचा विचारही केला नसेल.

आणि नागपूरचा या विषयाशी असलेला संबंध तर आपण सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे. आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद नाही, असे म्हणणाऱ्या उच्च न्यायालयांमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ होते. ती मते सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने खोडून काढली. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळे राहिले. त्यांच्या अल्पमतातील निकालात एक युक्तिवाद असा आहे की, देशाच्या कायद्याचे दोन अर्थ संभवत असतील तर आंतरराष्ट्रीय कायद्याशी सुसंगत असलेला अर्थ न्यायालयाने निवडावा. आणि त्यासाठी त्यांनी मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याकडे बोट दाखवले. हीच किल्ली पुढे १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या विशाखा खटल्यात उपयोगी पडली. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूरचा बहुमताचा निकाल रद्दबातल ठरवला, आणि त्याच निकालपत्रात खासगीपणाच्या हक्काची चर्चा करताना स्ट्रासबर्ग आणि सान होसे या दोन्ही न्यायालयांचे निवाडे तपासले.

वारंगा_विधी

सर, मग एक व्यावहारिक प्रश्न. कच्च्या कैद्यांच्या मतदानाविषयी आज याचिका करायची झाली, तर १९९७ चा निकाल समोर असताना हर्स्टचा निवाडा कितपत कामी येईल?

खंडपीठ_नागपूर

हर्स्ट अगदी पहिल्या परिच्छेदात आणू नये. परदेशी निवाडा आपल्या न्यायालयावर बंधनकारक नाही, आणि अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा निकाल उच्च न्यायालयाला बांधतो, त्यामुळे ही याचिका सर्वोच्च न्यायालयातच आणि मोठ्या पीठाकडे जावी अशा मागणीसह करावी लागेल. सुरुवात समानतेच्या अनुच्छेद १४ पासून करावी. कलम ६२(५) दोषी ठरलेला, खटला चालू असलेला आणि केवळ पोलीस कोठडीत असलेला, या सर्वांना एकाच रांगेत बसवते. जामिनावर बाहेर असलेला आरोपी मतदान करतो आणि जामीनदार न मिळालेला, तितकाच निर्दोष मानला जाणारा, माणूस करू शकत नाही. शिवाय २०१३ च्या दुरुस्तीनंतर कोठडीतील व्यक्ती निवडणूक लढवू शकते, पण स्वतःला मत देऊ शकत नाही. हा विरोधाभास १९९७ च्या पीठासमोर नव्हता. त्यानंतर पुट्टस्वामीतील प्रमाणशीरतेची कसोटी, म्हणजे हक्कावरचे बंधन त्याच्या उद्दिष्टाच्या मानाने अवाजवी नाही ना हे पाहणारी कसोटी, मांडावी, कारण तीही १९९७ नंतर आपल्या कायद्यात रुजलेली आहे. हे सर्व झाल्यावर, सरसकट बंदी या कसोटीवर का टिकत नाही हे दाखवण्यासाठी हर्स्ट आणि त्याची मर्यादा सांगणारा स्कोपोला, असे दोन्ही निवाडे एकत्र द्यावेत. आपल्याला सोयीचा तेवढाच दिला तर समोरचे महान्यायवादी दुसरा वाचून दाखवतीलच. निवृत्त साहेबांनी सांगितलेल्या बराकीतील कच्च्या कैद्यांची जिल्हावार संख्या माहिती अधिकारात मागवून जोडता आली तर याचिकेला मोठे बळ येईल. तो अर्ज मी या आठवड्यात करतो. मसुदा तयार करायला आपण आणि आपले दोन-तीन सहाध्यायी येऊ शकलात तर व्यक्तिगत निरोपाने कळवा.